फेस

जुन्या बिल्डिंगीत पाणी चाळीस मिनिटं यायचं,
पहाटे चार चाळीसला, तलावाचं, मऊ,
आणि आम्ही पिंपाशी उभ्या राहून म्हणायचो,
मेलं चोवीस तास कधी येणार.

आता टॉवर झाला. कन्नमवार नगर, बावीस मजले,
आमचा सतरावा.
पाणी चोवीस तास.
त्यात बोअरचं किती, टँकरचं किती, महापालिकेचं किती
हे सेक्रेटरी कोरगावकरांनाही ठाऊक नाही.
ते नुसतं "मिक्स आहे" म्हणतात,
फरसाणाबद्दल सांगावं तसं.

पहिल्या महिन्यात तोटीला पांढरी मिशी फुटली.
मग आरशावरचे थेंब पुसूनही जागेवरच राहिले,
बघावं तर आपल्याच गालांवर देवीचे वण.
ह्यांचे बनियन आधी राखाडी झाले, मग कडक,
दोरीवरून काढून जमिनीवर ठेवले
तर उभे राहतील, असे.

तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाणा न् दाणा वेगळा.
नणंद आली होती देवरुखहून.
तिनं एक दाणा ताटात बोटानं दाबून पाहिला
आणि काही बोलली नाही.
ते न बोलणं मी अजून घासतेय.

साबण अंगावरून नुसता निसटतो,
बादलीत नासलेल्या दुधासारखा तरंगतो.
अंघोळ करून निघावं
तर पाठीवर काहीतरी राहिलंच आहे असं वाटतं,
कुणी न विचारता ठेवलेल्या हातासारखं.

शब्द सापडला तो मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात:
दुष्फेन.
दुष्काळ, दुर्जन, दुष्फेन.
म्हटलं, चला, नाव तरी कळलं,
आता ह्याच्याशी नीट भांडता येईल.

गीझर बंद पडला तेव्हा नियाज आला.
कॉइल बाहेर काढली त्यानं,
हात मोडल्यावर प्लास्टरात घालतात ना, तशी.
म्हणाला, "भाभी, पाणी थंड असतं तोवर ह्यात काही दिसत नाही.
तापलं की धरतं."
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
ह्यांनी पंख्याकडे.

त्यानं पान्यानं दोन ठोके दिले
आणि टबात चार वर्षं पडली,
कपच्या कपच्या होऊन.
आतून तांबं निघालं, अजून लालच.
एक कपची मी उचलून ठेवली, पोळपाटाच्या खणात.
बोटाच्या पेराएवढी जाड, कडेनं पाहिलं तर थरच थर.
ह्यातलाच कुठलातरी एक
सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्यातला असेल,
रोज दोन बादल्या ऊन पाणी लागायचं त्यांना,
आणि मी म्हणायचे, किती ते.

पहाटेची सवय मात्र गेली नाही.
चार चाळीसला डोळा उघडतोच.
उठते, स्वयंपाकघरातला नळ सोडते, दिवा न लावता,
साबणाची चिपटी बोटांत फिरवते.
बहुतेक दिवशी काही नाही, नुसता बुळबुळीतपणा.
पण कधी रात्रीत महापालिकेचं पाणी टाकीत जास्त चढलेलं असतं
आणि बोटांच्या बेचक्यांतून फुगत फुगत येतो तो.

मग मी ओल्या अंगठ्यानं बिल्डिंगच्या ग्रुपवर
एकच शब्द टाकते:
फेस.

बाराव्यावर शालन गुरवांचा दिवा लागतो,
त्या डाळ भिजत घालतात, आठवड्याची.
नवव्यावरची लोर्ना केस धुवायला घेते.
कुणीतरी कळश्या लावतं, ओळीनं,
इथं कळश्या कुणी आणल्यात हेच मला नवल.
कोरगावकर अंगठा पाठवतात.

मलाही भरून ठेवायला हवं, चहापुरतं तरी.
पण मी हात तसाच धरून उभी राहते अंधारात,
फेस आपला आपण विरेपर्यंत.